सात, नऊ, बारा: कर्पर चेतांच्या मोजणीचा इतिहास

मेंदूपासून निघून कवटीच्या छिद्रांवाटे बाहेर पडणाऱ्या चेतांना कर्पर चेता म्हणतात आणि त्यांच्या बारा जोड्या असतात, हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेले असते. त्यातील ‘बारा’ हा आकडा इ.स. १७७८ मधला आहे. त्यापूर्वी कित्येक शतके तो ‘सात’ होता, मग ‘नऊ’ झाला. माणसाची कवटी या काळात बदललेली नाही. मग आकडा का बदलला? आजचा थ्रेड त्याविषयी.

आरंभ दुसऱ्या शतकातील गेलेनपासून करू. ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधणारा हा ग्रीक वैद्य पुढे रोममध्ये सम्राटांच्या पदरी राहिला. मानवी शवाचे विच्छेदन तेथे होत नसे, म्हणून त्याने माकडे, डुकरे आणि बैल फाडून पाहिले. जिवंत डुकराच्या मानेतील एक बारीकशी चेता निकामी करून त्याचे किंचाळणे क्षणात थांबवण्याचा प्रयोग तो लोकांसमोर करून दाखवी. असा मनुष्य निष्काळजीपणे मोजणारा नव्हे. मारिनस या पूर्वसूरीची सात जोड्यांची गणना त्याने स्वीकारली, कारण जे एकत्र बाहेर पडते ते एक, असा त्या गणनेचा हिशेब होता. चेहरा हलवणारी आणि ऐकण्याची अशा दोन चेता हाडातील एकाच बोगद्यात शिरतात, म्हणून ती एक जोडी. घशाकडे आणि मानेकडे जाणाऱ्या तीन चेता एकाच छिद्रातून उतरतात, म्हणून तीही एकच. गंधाच्या तंतूंना तर तो चेता मानतच नसे. ते मेंदूचेच भाग, असे त्याचे मत होते. (हे मत आजच्या शरीररचनाशास्त्राला फारसे अमान्य नाही!)

अकराव्या शतकात इब्न सीनाच्या ‘कानून’मध्ये सातच जोड्या आहेत. १५४३ मध्ये वेसेलियसने गेलेनच्या कितीतरी चुका दाखवल्या, पण सातच्या आकड्याला हात लावला नाही. याला केवळ ग्रंथप्रामाण्य म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. मेंदू तेव्हा कवटीतच ठेवून वरून खाली थराथराने कापत जात. चेतांची मुळे असतात तळाशी. तिथवर पोचेपर्यंत तो मऊ गोळा विस्कटून गेलेला असे. १५७३ मध्ये व्हारोलिओने मेंदू बाहेर काढून, उलटा करून, तळाकडून पाहिला. इतिहासाला कलाटणी मिळाली ती या साध्या कृतीने.

ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसने तीच वाट पुढे नेली. १६६४ मधील त्याच्या ग्रंथासाठी विच्छेदनात रिचर्ड लोअरचे साहाय्य होते आणि चित्रांत ख्रिस्तोफर रेनचा हात होता. होय, लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल उभारणारा तोच रेन. विलिसने गंधाच्या चेतेला पहिला क्रमांक दिला आणि कवटीतील जोड्या नऊ मोजल्या. चेहऱ्याची आणि श्रवणाची चेता मात्र त्यानेही सातव्या जोडीतच ठेवली. पुढे या जोडीच्या दोन घटकांना ‘कठीण भाग’ आणि ‘मऊ भाग’ म्हणत. बोटांना जे जाणवले तेच नाव झाले.

१७७८ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठात झ्योमरिंग या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रबंध सादर केला. विषय होता मेंदूचा तळ आणि कवटीबाहेर जाणाऱ्या चेतांचे उगम. ‘उगम’ या एका शब्दात सारा बदल आहे. चेता कोणत्या छिद्रातून बाहेर पडते हे न विचारता ती मेंदूतून कुठे निघते, हे त्याने विचारले. विलिसच्या सातव्या जोडीच्या दोन झाल्या, आठव्या जोडीच्या तीन झाल्या, आणि बेरीज आली बारा. तरीही ब्रिटनमध्ये १८५८ च्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’च्या पहिल्या आवृत्तीपर्यंत नऊचा आकडा टिकून होता.

या वादाची झळ रुग्णांनाही बसली, आणि तीही चेता कशासाठी आहे हे ठाऊक नसल्यामुळे. चेहऱ्यात विजेसारखी कळ उठणाऱ्या एका व्याधीवर तेव्हाचे काही शल्यवैद्य तो ‘कठीण भाग’ कापत. कळ थांबत नसे, कारण ती वाहून नेते पाचवी चेता. चेहऱ्याची ती बाजू मात्र लुळी पडे. १८२१ मध्ये चार्ल्स बेलने गाढवावर प्रयोग करून दाखवले की कठीण भाग कापला तरी संवेदना शाबूत राहते. मग त्याने पाचव्या चेतेची शाखा कापली. गाढवाला चारा ओठांनी धरता येईना, म्हणून ही चेता ओठ हलवतेही, असा निष्कर्ष त्याने काढला. हर्बर्ट मेयोने तो खोडला: ओठ लुळे पडलेच नव्हते, चारा ओठांना लागला आहे हे गाढवाला कळत नव्हते! पुढे जुने निबंध पुन्हा छापताना बेलने काही वाक्ये मुकाट्याने बदलली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचाव्यात त्या यासाठी.

आज चेतातज्ज्ञ कापसाचा बोळा गालाला लावून ‘कळतंय का?’ असे विचारतात, तेव्हा पाचवी चेता तपासली जाते. मग ‘डोळे घट्ट मिटा, दात दाखवा’ म्हणतात, ती सातवीची परीक्षा. गंधापासून जीभ बाहेर काढण्यापर्यंतचा हा तपासणीक्रम झ्योमरिंगच्या क्रमांकांचाच आहे.

त्याच्या प्रबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८७८ मध्ये, फ्रित्शला शार्क माशाच्या मेंदूत पहिल्या चेतेच्याही पुढे आणखी एक बारीक चेता आढळली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती माणसातही सापडली. तिला पहिला क्रमांक द्यावा तर बाकी सगळ्यांचे क्रमांक सरकतात, म्हणून तिला ‘शून्य’ क्रमांक देण्याचा प्रघात पडला. शाळेच्या पुस्तकात बारा आहेत ते बाराच राहिले.