धार कुणाच्या हाती

कुऱ्हाडीचं पातं ट्रकच्या कमानीतून निघतं. आमच्या घरी भाता होता, बाबांचं काम लोहाराचं, आणि भंगारातून आणलेले कमानीचे पट्टे भिंतीला टेकवून ठेवलेले असत. पट्टा लाल करायचा, छिन्नीनं तुकडा तोडायचा, तो दुमडून नेढं धरायचं आणि मग घणाखाली पातं पसरवत न्यायचं. ठोकणं कष्टाचं असलं तरी खरी कसोटी पाणी पाजताना लागे. सगळं पातं पाण्यात घालायचं नाही, फक्त धारेकडची दोन बोटं. मग दगडावर घासून पांढरी केलेली धार नजरेखाली धरायची. आतल्या उष्णतेनं तिच्यावर रंग चढत जातो: आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा निळ्याकडे झुकू लागला की पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबवली तर धावड्याच्या टणक लाकडावर पहिल्याच घावाला धारेचा टवका उडतो. निळ्याच्या पुढे जाऊ दिली तर धार वळते. ट्रकची कमान मिळू लागण्याआधी बैलगाडीच्या धावेचं नि फाळाचं जुनं लोखंड वापरत, आणि ते मऊ असल्यामुळे धारेला वेगळा पोलादी तुकडा जोडावा लागे. हे आजा सांगायचा.

दांडा गिऱ्हाईक स्वतः आणायचं. भिंगारा, गोमाल, चाळीसटापरीकडची भिलाला, कोरकू माणसं जळगाव जामोदच्या बाजाराला उतरत तेव्हा दांडा आधीच तासलेला असे, बहुतेक धावड्याचा. धावडा चिवट असतो, हादरा पोटात घेतो, म्हणून गाडीच्या आसालाही तोच चाले. दांड्याची लांबी ज्याच्या त्याच्या हाताची. त्यामुळे एकाची कुऱ्हाड दुसऱ्याला बसत नसे, आणि ती कुणी उसनी मागतही नसे. गावातल्या शेतकऱ्याचं शेवटण्याचं, म्हणजे हत्यारं पाजळण्याचं काम बलुत्यात, धान्यावर व्हायचं. डोंगरातली माणसं मात्र रोख देत, नाहीतर मोहफुलं, डिंक, चारोळी. लाकूडतोडीच्या धंद्याचा इतिहास मी ज्या टोकाकडून पाहतो ते टोक हे: हत्यार, दांडा आणि धार तिन्ही लाकूड तोडणाऱ्याच्या मालकीची होती. जंगल मात्र त्याच्या मालकीचं उरलं नव्हतं.

ते सुटलं इंग्रजांच्या काळात. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. १८६० च्या दशकात भुसावळहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत पुढे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. रेल्वेला स्लीपर हवे होते, जळण हवं होतं. त्याच दशकात, १८६४ मध्ये, डीट्रिच ब्रँडिस या जर्मन माणसाच्या हाताखाली हिंदुस्थानचं वनखातं उभं राहिलं, आणि आमच्या पूर्वेकडच्या मेळघाटात राखीव जंगलाच्या हद्दी पडू लागल्या. आपला जळगाव जामोद तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये खामगावसोबत तो बुलढाण्याला जोडला गेला.

वनखात्यानं लाकूडतोडीला जे नियम लावले त्यातला एक मला फार शहाणपणाचा वाटतो. कुपातलं, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या तुकड्यातलं झाड जमिनीलगत तोडायचं, साधारण वीतभर खुंट ठेवून. खुंटाचा माथा गुळगुळीत आणि उतरता हवा, म्हणजे पावसाचं पाणी साचून तो कुजत नाही. साल खोडापासून सुटता कामा नये, कारण नवे फुटवे सालीच्या कडेनंच येतात. नियम कागदावर खात्याचा, पण तो पाळला जायचा तो धारेमुळे. बोथट कुऱ्हाडीनं खुंट चेचला जातो, साल फाटते आणि सागाचं मूळ जिवंत असूनही वर फुटवा धड येत नाही. चांगल्या धारेचे तिरपे घाव घालून सोडलेल्या खुंटावर पावसाळा लागताच हिरवं दिसायला लागतं. लोहाराच्या भात्याचा आणि पुढच्या वीस-तीस वर्षांच्या जंगलाचा असा थेट संबंध आहे. झाड तोडणारा म्हणजे जंगल संपवणारा, असं सरसकट बोलणाऱ्यांनी एकदा तरी असा खुंट वाकून पाहावा.

करवतीचा आग्रहही खात्याकडूनच आला. कुऱ्हाडीची खाच पाचरीच्या आकाराची असते, म्हणजे जाड खोडाच्या बुंध्याशी हातभर चांगलं लाकूड ढलप्यांत जातं. दोन माणसांनी ओढायच्या आऱ्यानं ते वाचतं. फळ्या पाडायलाही आराच. ओंडका घोडीवर किंवा खड्ड्यावर ठेवायचा, एक माणूस वर, एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत सगळा भुसा, म्हणून तो डोक्याला धडपं बांधून मान तिरपी धरायचा. आऱ्याचे दाते एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. दाते वाकवणं, कानशीनं घासणं ही कामं आरा ओढणारेच करत. हत्यार आता दोघांचं झालं, तरी धार अजून ओढणाऱ्यांच्याच हातात होती.

स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट आपल्या भागातल्या फार थोड्यांना आठवते. सातपुड्याच्या पलीकडे, बऱ्हाणपूरजवळ, नेपानगरचा कागद कारखाना उभा राहिला. देशातला वर्तमानपत्री कागदाचा हा पहिला कारखाना, १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला. त्याची कल्पनाच सालईच्या लाकडावर आणि बांबूवर बेतलेली होती. आपल्या डोंगरउतारावर पांढुरकी, कागदासारखी साल सुटणारी जी झाडं दिसतात तीच ही सालई. लाकूड मऊ, घरबांधणीला कुचकामी, तिचा सुवासिक डिंक धुपासाठी गोळा करायचा, एवढीच तिची किंमत होती. मराठी-हिंदी वर्तमानपत्रं ज्या कागदावर छापली गेली त्यातल्या काहीत सातपुड्याची सालई आहे, हे मला अभिमानाचं वाटतं आणि त्या तोडलेल्या उतारांचं वाईटही वाटतं.

पुढचं थोडक्यात. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हुकूम दिला आणि मंजूर कार्य आयोजनेबाहेरची जंगलतोड व विनापरवाना आरा गिरण्या थांबल्या. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य झालं. तोडीचं काम डोंगरावरून खाली आलं: बांधावरच्या बाभळी, निंब, रस्त्यावर उन्मळून पडलेली झाडं आणि वाळलेल्या संत्र्याच्या बागा.

याच कामासाठी चेन सॉ आला. आम्ही त्याला कटर म्हणतो. यंत्र जुनं आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरचा आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरचा साखळी-आरा काढला, पण तो उचलायला दोन माणसं लागत. एका माणसानं वापरायची मशीन त्यांनी १९५० मध्ये आणली. साखळीचा दाता सुधारला तो मात्र एका लाकूडतोड्यानं. अमेरिकेत ऑरेगॉनच्या जंगलात जोसेफ कॉक्सनं लाकूड पोखरणाऱ्या किड्याची अळी पाहिली. ती डावी-उजवीकडे जबडा चालवत लाकूड आडवं-उभं सहज खात होती. त्यावरून त्यानं वाकड्या दात्याची साखळी बनवली आणि १९४७ मध्ये कारखाना काढला. आज माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक साखळीत त्याच दात्याचा वंश आहे. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी की तो स्वतः लाकूड तोडणारा होता आणि स्वतःची साखळी स्वतःच घासून वैतागलेला होता.

आपल्याकडे मात्र मशीन ठेकेदाराची असते. ऑनलाइन मागवलेली ५८ सीसीची, पाच-सात हजारांची. चालवणारा मजूर रोजावर. तक्रार नेहमी एकच: “मशीन नवी हाय काका, पन कापून नाही राह्यली.” मी आधी भुसा विचारतो. धारदार साखळी लाकडाच्या बारीक ढलप्या उडवते, बोथट साखळी पिठासारखा भुसा. पीठ पडायला लागलं की माणूस मशीन दाबतो, साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी, म्हणजे बार तापतो, क्लच जळतो. बांधावरच्या बाभळीत तर कुंपणाची तार नि खिळे वर्षानुवर्षं गिळलेले असतात. एका खिळ्यावर अख्खी साखळी जाते. सागात रेतीचा अंश असतो, तो वेगळाच धार खातो.

धार लावायला गोल कानस लागते, साखळीच्या मापाची. बारीक साखळीला ४ मिलिमीटर, मधल्या .३२५ मापाला ४.८. तीस अंशांचा कोन धरायचा, आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची, आणि प्रत्येक दात्याला सारखेच हात मारायचे. एका बाजूचे दाते आखूड झाले की काप तिकडे वळतो. दात्यापुढचा ठेंगणा उंचवटाही चपट्या कानशीनं उतरवावा लागतो, पण बेतानं. फार उतरवला तर साखळी लाकडात झटक्यानं घुसते आणि बार उसळून तोंडाकडे येतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मशीनच्या पुस्तकात असेल तेवढंच: १:२५ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, १:५० असेल तर २०. ऑइल न घालता चालवलेल्या मशीनचा पिस्टन चिकटलेला येतो तेव्हा दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस उठून जातो. काम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी, नाहीतर कार्बोरेटरचा पडदा कडक होतो.

मशीन निवडायची तर आधी झाड बघावं. संत्र्याला आणि फांद्यांना ३५-४० सीसी, चौदा-सोळा इंची बार पुरे. म्हातारा निंब असेल तरच मोठी. सुटे भाग खामगाव-अकोल्यात मिळतात का, हे घेण्याआधी विचारावं.

आणि जीव सांभाळणाऱ्या वस्तू, मशीनवरच्या नि अंगावरच्या. १९७० च्या दशकात या मशीनना बार उसळताच साखळी थांबवणारा ब्रेक आला. तो आपल्याकडच्या स्वस्त मशीनलाही असतो, पण आडवा येतो म्हणून कुणी काढून टाकतं. मी तो काढून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. युरोपात तोडणारा जाळीचं हेल्मेट, कानाला मफ, पुढे पोलाद असलेले बूट आणि खास पँट घालतो. त्या पँटीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली की धागे ओढले जाऊन दातेरी चाकात गुरफटतात आणि ती जागीच थांबते. आपल्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तशी पँट कुणी घालणार नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी पाय पुढून झाकणारं, मागून उघडं असं आवरण मिळतं. मी दुकानात ठेवतो. मजुराला ते परवडत नाही आणि ठेकेदार म्हणतो, मशीन माझी, पाय त्याचा.

तेव्हा मी ठेकेदाराशी हिशोब असा करतो: मशीन स्वस्त घेतलीस तरी चालेल, पण तिच्यासोबत दोन साखळ्या, कानस, चष्मा, बूट आणि दोन्ही पायांचं आवरण घेतल्याशिवाय माझ्याकडे दुरुस्तीची हमी नाही. कानस मात्र मी ठेकेदाराच्या हातात देत नाही. मशीन चालवणाऱ्या पोराला आत बोलावतो, बार शिकंज्यात धरतो आणि पहिला दाता त्याच्याकडूनच घासून घेतो.