घुणाक्षर आणि दप्तर : घरांतील लांकडाच्या रक्षणाची जुनी रीत

घुणाक्षरन्याय हा शब्द आपल्या शास्त्रीपंडितांच्या तोंडीं फार जुना आहे. लांकूड पोखरणारा किडा पोखरतां पोखरतां एखादें अक्षर काढून जातो. परंतु तेवढ्यावरून किड्यास लिहितां येतें असें कोणी म्हणत नाहीं. यदृच्छेनें घडलेल्या गोष्टीस हा दृष्टांत देतात. जुनीं दप्तरें हाताळणारास मात्र ह्या न्यायाची दुसरी बाजू ठाऊक असते. हा किडा एक अक्षर काढतो तेव्हां शंभर अक्षरें खातो. ज्या पेटींत किंवा फडताळांत आपले रुमाल शतकभर पडून राहिले, त्यांचेंच लांकूड किडीस बळी पडलें तर आंतील कागदांस तरणोपाय नाहीं. म्हणून कागदाच्या रक्षणाचा विचार करणारानें आधीं लांकडाच्या रक्षणाचा विचार करावा असें आमचें मत आहे. त्या कामीं पूर्वजांची रीत काय होती, व तींतून आज काय घ्यावें आणि काय टाकावें, हें येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम शत्रूची ओळख. तो एक नसून दोन आहेत, आणि दोघांचा स्वभाव भिन्न आहे. वाळवी, जीस कित्येक ठिकाणीं उधई म्हणतात, ती बहुधा जमिनींतून येते. तिला ओल हवी व अंधार हवा. उघड्यावरून जाण्याचा प्रसंग आला तर ती मातीची नळी बांधून तिच्या आडून जाते. ती लांकडाचें वरील कवच राखून आंतील गाभा खाते. म्हणून बाहेरून धड दिसणारी चौकट बोटानें दाबतांच आंत जाते. दुसरा शत्रु भुंगेरा. ह्याची मादी लांकडाच्या बारीक छिद्रांत अंडीं घालते. अळी आंतल्या आंत वाढते, आणि पंख फुटल्यावर टांचणीच्या डोक्याएवढें भोंक पाडून बाहेर पडते. खालीं पिठासारखा भुगा पडतो. सागवानासारख्या रुंदपानी झाडांच्या लांकडांत व कळकांत आढळणारा जो भुगा पाडणारा भुंगेरा, तो मुख्यतः लांकडांतील पिठूळ अंशावर जगतो. तो अंश सालीलगतच्या पांढरट थरांत असतो, गाभ्यांत नसतो. हा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे जुन्या सुतारांच्या पुष्कळ रीतींचा उलगडा होतो.

ह्या रीतींचा सर्वांत जुना साक्षीदार आपल्या मावळांतच उभा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताखालीं ज्या लांकडी कमानी आहेत त्यांस सुमारें दोन हजार वर्षें झालीं. समोरच्या भाजें येथील लेणें त्याहूनही जुनें, इसवी सनापूर्वीं २ ऱ्या शतकाच्या सुमाराचें. आणि तेथील लांकडी कमानींवर तर ब्राह्मी अक्षरें आढळलीं आहेत. हें लांकूड इतकें दिवस कां टिकलें? त्यास कोणीं गुप्त रसायन चोपडलें होतें असें मानण्याचें कारण नाहीं. कार्ल्याच्या कमानी सागवानी आहेत. त्या जमिनीपासून उंच आहेत, आणि वर अखंड कातळ असल्यानें पावसाचा मारा त्यांजवर नाहीं. ह्या तीन गोष्टींतच लांकूडरक्षणाचें बहुतेक शास्त्र आलें. सागाच्या गाभ्यांत टेक्टोक्विनोन आदि द्रव्यें निसर्गतःच असतात, व तीं वाळवीस मानवत नाहींत. सालीलगतच्या थरांत तीं द्रव्यें पुरेशीं नसतात. म्हणून कोवळ्या सागवानासही कीड लागते. सागवान म्हणजे अभय, हा समज त्यामुळें अर्धाच खरा आहे.

आपल्या वाड्यांच्या बांधणींत हींच तत्त्वें दिसतात. खांब कधीं मातींत पुरीत नसत. खालीं दगडी तळखडा देऊन त्यावर बसवीत. तळखडा ही केवळ शोभा नव्हे. जमिनीची ओल व वाळवीची वाट तो एकदमच तोडतो, आणि वाळवी नळी बांधून वर चढलीच तर ती दगडावर उघडी पडते. कारागीर पांढरा थर तासून गाभा वापरी. कळक व कित्येक जातींचें लांकूड कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवण्याची चाल होती. त्या पाण्यास घाण येई, ती आंतील पिठूळ व गोड अंश निघून कुजल्याची. भुंगेऱ्याचें अन्नच त्यामुळें उणें होई. कळक वद्य पक्षांत तोडावा असा संकेत अनेक गांवीं आहे. चंद्राचा संबंध मानावा किंवा न मानावा. परंतु कळकांतील पिठूळ अंश ऋतुमानाप्रमाणें कमीअधिक होतो, एवढें खरें.

राज्यकर्त्यांचेंही इकडे लक्ष होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडावरील राजमंदिराविषयीं सांगतांना, भिंतींस चुना दाट घालावा व उंदीर, विंचू, किडा, मुंगी राहूं शकणार नाहीं अशी जमीन करावी, ह्या आशयाची आज्ञा आहे. तींत औषधाचें नांव नाहीं. किड्यास थाराच मिळूं नये, हा तिचा रोख आहे.

औषधें मुळींच नव्हतीं असें नव्हे. देशावर बिब्ब्याचें तेल वाळवीवर गुणकारी समजत, व तेंच गाड्याच्या लांकडी आंसासही वापरीत. हें तेल अंगास लागल्यास फोड उठतात हें सर्वांस ठाऊक आहे. कोंकणांत व गोव्यांत काजूच्या टरफलांचें तेल होड्यांस व लांकडांस लावीत. काजू पोर्तुगीजांनीं १६ व्या शतकांत आणिला, तेव्हां ही रीत त्यानंतरची हें उघड आहे. बिब्बा व काजू हे एकाच वनस्पतिकुळांतले असल्यानें दोन्ही तेलांचा दाहक गुण सारखा. जवसाच्या तेलाचें काम निराळें आहे. तें वाळून पापुद्रा धरतें व पाणी अडवितें. किडा मारीत नाहीं.

येथें संग्राहकांनीं एक विरोध ध्यानांत घ्यावा. पोथीच्या अखेरीस लेखक जो परिचित श्लोक लिहीत, त्यांत पोथी स्वतःच तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून रक्षण मागते. म्हणजे जें तेल लांकडास हितकर तेंच कागदास घातक. आमच्या पाहण्यांत असे रुमाल आले आहेत, कीं ज्यांस वाळवीनें शिवलें नाहीं, परंतु नुकत्याच तेल दिलेल्या फळीवर ठेविल्यामुळें खालचे बंद तांबूस होऊन चिकटले आहेत. कागदाची योजना निराळी असे : वेखंड, निंबाचा पाला, घट्ट बांधलेला रुमाल आणि हरताळ. हरताळ हें सोमलाचेंच एक खनिज आहे. कागदास तें चोपडीत, व चुकलेल्या अक्षरांवर फाशीत. त्यावरूनच हरताळ फासणें हा वाक्प्रचार आला. अशीं पिंवळीं पानें हाताळून तोंडास हात लावूं नये.

अर्वाचीन रसायनांचा इतिहास १९ व्या शतकांत सुरू होतो. १८३८ सालीं जॉन बेथेल ह्यानें दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारें क्रिओसोट तेल दाबानें लांकडांत भरण्याच्या रीतीचें पेटंट इंग्लंडांत घेतलें, आणि लोहमार्गाच्या पट्ट्यांस त्याचा फार उपयोग झाला. आपल्या देशांत डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् ह्यांनीं १९३३ सालीं ताम्र, क्रोमियम व सोमल ह्यांच्या क्षारांचें मिश्रण सिद्ध केलें. क्रोमियमच्या योगानें इतर द्रव्यें लांकडाच्या तंतूंस बांधून राहतात, व पावसानें सहसा धुपत नाहींत. ही रीत जगभर गेली. परंतु सोमलाच्या विषारीपणामुळें २००३ सालापासून अमेरिकेंत व इतर देशांत तिचा घरगुती उपयोग आखडला गेला. घरांतील लांकडास टाकणखार व बोरिक अम्ल ह्यांचें द्रावण त्यामानानें सौम्य. तें ओलसर लांकडांत मुरतें, मात्र पाण्यानें निघूनही जातें, म्हणून तें छपराखालच्या लांकडासच योग्य.

इतक्या विवेचनाचें तात्पर्य असें कीं, औषध हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत त्यांस आमची विनंती आहे. पेटी भिंतीस टेकवूं नये. चार बोटें अंतर ठेवून दगडी अथवा धातूच्या पायांवर ठेवावी. मातीच्या भिंतींतील फडताळ कितीही सोयीचें वाटलें तरी त्यांत कागद ठेवूं नये. वाळवी मागील फळींतून शिरते, आणि रुमाल उचलतांना हलका लागला म्हणजेच प्रथम कळतें. पावसाळ्यापूर्वीं व नंतर प्रत्येक पेटी उघडून पाहावी. मातीची नळी दिसली तर ती पाडून स्वस्थ बसूं नये; ओल कोठून येते हें शोधावें. पेटीखालीं काळा कागद पसरून ठेविल्यास ताजा भुगा तेव्हांच दिसतो. लांकडास तेल किंवा रसायन द्यावयाचें तर आधीं दप्तर बाहेर काढावें, व वास पुरता जाऊन फळी कोरडी झाल्याखेरीज परत ठेवूं नये.

आणखी एक गोष्ट. वाडे पाडले जातात तेव्हां तुळया व गणेशपट्ट्या लांकूडबाजारांत जातात, आणि त्यांवर कोरलेले शक व नांवें कोणी उतरून घेत नाहीं. लांकूड हेंही एक दप्तरच आहे. भाजें येथें मनुष्यानें लांकडावर लिहिलेलीं अक्षरें आजवर राहिलीं, कारण तेथें लांकूड राहिलें. आपल्या घरच्या तुळयांवर किड्याचीं अक्षरें उमटण्यापूर्वीं आपल्या पूर्वजांचीं अक्षरें वाचून घ्यावीं, व त्यांचे ठसे संशोधकांकडे पाठवावे, इतकीच प्रार्थना करून हा लेख पुरा करितों.