रेडिएशन घेतल्यावर रुग्णाच्या अंगातून किरण निघतात का?

माझ्याकडे आलेल्या एका आजींनी महिनाभर नातवाला जवळ घेतलं नव्हतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी त्यांचं बाहेरून देण्याचं रेडिएशन चालू होतं आणि 'तुमच्या अंगातून किरण निघतात' असं शेजारणीने सांगितलं होतं. मुलाने मोबाइलवर न्यूट्रॉन, गॅमा असे शब्द वाचल्याने भीती आणखी वाढली. उत्तर आधी सांगतो: लिनॅक मशीनने बाहेरून रेडिएशन घेतलेल्या रुग्णाजवळ बसणे, जेवणे, लहान मूल मांडीवर घेणे, सगळे सुरक्षित आहे.

मुलाने वाचले त्यात तथ्य मात्र आहे. पोटात खोलवरच्या गाठीसाठी कधीकधी १५ एमव्हीसारखे जोरदार क्ष-किरण वापरतात. साधारण १० एमव्हीच्या वर गेले, की हे किरण मशीनमधल्या टंगस्टन, शिसे अशा जड धातूंच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन बाहेर काढतात. ६ एमव्हीवर हा प्रश्न जवळपास येतच नाही.

वेगवान न्यूट्रॉन एखाद्या अणुकेंद्रावर आदळला, की ते केंद्र उत्तेजित होते आणि जादा ऊर्जा गॅमा किरणाच्या रूपात टाकून देते. प्रत्येक मूलद्रव्याची ऊर्जा ठरलेली असते: कार्बनकडून मुख्यतः ४.४ आणि ऑक्सिजनकडून ६.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. हायड्रोजनचे वेगळे आहे. त्याचे वजन जवळपास न्यूट्रॉनइतकेच. कॅरमची एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर सरळ आदळली, की पहिली थबकते. तसाच इथे न्यूट्रॉन मंदावतो. मंदावलेला न्यूट्रॉन हायड्रोजनने गिळला, की २.२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो. म्हणूनच अशा खोलीच्या जाड दारात बोरॉन मिसळलेले पॉलिथिन आणि शिसे दोन्ही असतात. पॉलिथिनमधला हायड्रोजन न्यूट्रॉनला मंदावतो, बोरॉन त्याला गिळतो, आणि त्यातून निघणारा कमी ताकदीचा गॅमा शिसे अडवते.

हे सारे सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात संपते. मशीन बंद, की हे किरणही बंद. मशीनचे काही धातूचे भाग मात्र थोडा वेळ किरणोत्सारी राहतात. उदाहरणार्थ, अॅल्युमिनियममध्ये तयार होणारा किरणोत्सार दर सव्वादोन मिनिटांनी निम्मा होतो. ही काळजी रोज तिथे काम करणाऱ्या तंत्रज्ञांची. रुग्णाच्या शरीरातही काही मोजके अणू काही मिनिटांपुरते असे होतात, पण ते इतके नगण्य असते की घरच्यांनी कसलीही खबरदारी घ्यायची गरज नसते.

एका बाबतीत मात्र न्यूट्रॉन खरोखर महत्त्वाचे आहेत. पेसमेकर किंवा छातीत बसवलेले डिफिब्रिलेटर असेल, तर ते पहिल्याच भेटीत रेडिएशनच्या डॉक्टरांना सांगा, कार्ड दाखवा. न्यूट्रॉनमुळे त्यातल्या चिपमध्ये बिघाड होऊ शकतो, म्हणून शक्यतो १० एमव्हीपेक्षा जास्त ऊर्जा टाळतात. गाठ कंबरेखाली असली तरी हे सांगायचेच, कारण न्यूट्रॉन खोलीभर पसरतात. बरेच रुग्ण 'छातीचा इथे काय संबंध' म्हणून गप्प राहतात!

थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन घेतले असेल किंवा प्रोस्टेटमध्ये किरणोत्सारी बिया कायमच्या बसवल्या असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे किरणांचा स्रोत शरीरातच असतो. गरोदर स्त्रिया व लहान मुलांपासून किती दिवस, किती अंतर ठेवायचे, हे रुग्णालयातून लेखी घ्या आणि काटेकोरपणे पाळा.