हुगळीकाठचे विद्यालय

कलकत्त्याच्या उत्तरेस सात-आठ कोसांवर, हुगळीच्या पश्चिम तीरी श्रीरामपूर वसले आहे. आपल्या नगर जिल्ह्यातील उसाच्या मुलखातले श्रीरामपूर ते निराळे. तेथे 1755 पासून डेन्मार्कचा अंमल होता, आणि कंपनी सरकारला आपल्या हद्दीत पाद्री नको असल्यामुळे 1800 साली विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघांनी याच परक्या निशाणाखाली बिऱ्हाड थाटले. केरी मूळचा चांभारकाम करणारा, मार्शमन कोष्ट्याचा मुलगा आणि पेशाने शाळामास्तर, वॉर्ड छापखान्यातला. तिघांचीही कुटुंबे एका पंक्तीला जेवत, आणि ज्याची जी मिळकत होईल ती सामाईक खजिन्यात जमा होई. एकत्र कुटुंबाची ही रीत आपल्याकडील कोणत्याही वाड्यात शोभली असती.

त्या खजिन्याशी मराठी भाषेचाही संबंध पोहोचतो. फोर्ट विल्यम कॉलेजात संस्कृत व बंगालीबरोबर मराठी शिकविण्याचा मुशाहिरा केरीला मिळे. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने 1805 मध्ये मराठी व्याकरण आणि 1810 मध्ये मोडी टाइपांतला मराठी कोश श्रीरामपुरी छापून काढला. कंपनीच्या तरुण अंमलदारांना मराठी पढवून मिळविलेला हा पैसा पुढे एका विद्यालयाच्या भिंतींत मुरला, हे आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी क्वचितच लक्षात घेतले आहे.

1818 च्या जुलैत या विद्यालयाची योजना प्रसिद्ध झाली, आणि पौर्वात्य वाङ्मय व युरोपीय शास्त्रे या दोहोंचे अध्यापन तेथे व्हावे, असा तिचा उद्देश ठरला. आरंभी विद्यार्थी अवघे 37. त्यांत 19 ख्रिस्ती, बाकीचे बहुतेक हिंदू. एवढ्या मुलांसाठी आयोनिक धाटणीचे उंच स्तंभ आणि बर्मिंगहॅमहून ओतवून आणलेले लोखंडी जिने असलेली भव्य इमारत उभी करणे हे व्यवहारी माणसाला वेडेपणाचेच वाटले असेल. पण त्या खर्चाचा मोठा वाटा या तिघांनी स्वतःच्या कमाईतून उचलला असल्यामुळे तक्रार करावयाची तरी कोणाकडे?

मला विशेष वाटते ते या छोट्या समाजाच्या नित्याच्या राहणीचे. ख्रिस्ती विद्यार्थी विद्यालयाच्या आश्रयाने राहत. हिंदू विद्यार्थ्यांनी मात्र गावात आपापल्या जातीच्या रीतीने राहावे-जेवावे, अशी मोकळीक होती, आणि प्रार्थनेस येण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. जे स्वतः एका पंक्तीला बसत, त्यांनी आपली पंगत दुसऱ्यावर लादू नये, यात धोरण होतेच, परंतु सौजन्यही होते. चुली निराळ्या, पण वर्ग एक. संस्कृत व बंगालीच्या पायावर शिक्षण उभारण्याचा मार्शमनचा आग्रह होता; 1821 मध्ये वॉर्डबरोबर आलेला स्कॉटिश जॉन मॅक रसायनशास्त्र शिकवी, आणि पुढे त्याने त्या विषयावर बंगालीत पुस्तकही लिहिले. केरी वनस्पतिशास्त्र सांगे, तेव्हा त्याचे उदाहरण फळ्यावरचे नसून त्याने स्वतः लावलेल्या बागेतले असे. 1823 च्या महापुरात त्याचे घर आणि बागेचा मोठा भाग गेला. त्याच वर्षी वॉर्डला पटकीने नेले.

1827 मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन या विद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला, आणि 1833 च्या नियमांत जात, वर्ण किंवा देश यांच्या सबबीवर कोणालाही प्रवेश नाकारू नये, असे कलम घातले गेले. हिंदुस्थानात विश्वविद्यालये अद्याप जन्मास यावयाची होती. ती 1857 मध्ये आली. परंतु कारभार पाहणारे हात एकेक करून गळाले. कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्याने पैसा गेला, 1834 मध्ये केरी आणि 1837 मध्ये मार्शमन निवर्तले. 1845 च्या तहान्वये डेन्मार्कने गाव कंपनीस विकले, तेव्हा विद्यालयाचे हक्क कायम राहतील असे तहात नमूद झाले म्हणून सनद वाचली. ती वापरण्यास मात्र कोणी धजले नाही. 1883 मध्ये तर कला-शाखेचे वर्गच बंद पडले, आणि पुढे जॉर्ज हॉवेल्स या प्राचार्याच्या खटपटीने ते 1911 मध्ये पुन्हा सुरू झाले. सनदेच्या आधाराने ईश्वरविद्येची पहिली पदवी 1915 साली दिली गेली, म्हणजे राजाने अधिकार दिल्यावर 88 वर्षांनी. 1918 च्या श्रीरामपूर कॉलेज कायद्याने त्या अधिकाराला नवी घडी बसविली, आणि देशभरच्या ख्रिस्ती विद्यालयांना पदव्या देणारी सेनेट त्यातून निघाली. पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीचे विद्यार्थीही तिच्याच पदव्या घेतात.