ग्रँड पोर्टेज

ग्रँड पोर्टेज : अ. सं. सं.च्या मिनेसोटा राज्यातील छोटे गाव व ओजिब्वे (चिपेवा) जमातीचे राखीव क्षेत्र. राज्याच्या ईशान्य टोकाला, सुपीरिअर सरोवराच्या काठी, कॅनडाच्या सरहद्दीलगत. ओजिब्वे नाव गिची-ओनिगामिंग. लोकवस्ती विरळ.

गावाचा सगळा लौकिक एका पायवाटेचा. पिजन नदीच्या मुखाकडील टप्प्यात धबधबे आणि खळाळ एवढे, की होडी चालणे अशक्य. त्यांतील हाय फॉल्स सुमारे ३७ मी. उंच आहे. हा टप्पा टाळून माल आणि होड्या अंगावर वाहून नेण्यासाठी मूलनिवासींनी पाडलेली ही वाट सुमारे १३.७ किमी. लांबीची आहे. १७३१ मध्ये फ्रेंच संशोधक ला व्हेराँद्री येथे पोहोचला, तेव्हा त्याच्या बऱ्याच माणसांनी पुढे जायला साफ नकार दिला.

व्यापार : अठराव्या शतकाच्या अखेरीस माँट्रिऑलच्या नॉर्थ वेस्ट या फर-व्यापारी कंपनीचे अंतर्भागातील मुख्य ठाणे येथेच होते. यूरोपात बीव्हरच्या फरपासून केलेल्या टोप्यांना मोठी मागणी होती. दर जुलैत येथे मेळावा भरे. माँट्रिऑलहून सुमारे ११ मी. लांबीच्या होड्या घोंगड्या, भांडी, बंदुका व मद्य घेऊन येत. अंतर्भागात हिवाळा काढलेले नावाडी लहान होड्यांतून फर आणत. एक गाठोडे सुमारे ४१ किग्रॅ.चे. कपाळावरच्या चामडी पट्ट्याने नावाडी अशी दोन गाठोडी एका खेपेत पाठीवर घेई, ठरल्या जागी टेकवी आणि पुढच्या खेपेसाठी मागे फिरे. वाटेच्या दुसऱ्या टोकाला फोर्ट शार्लट हे ठाणे होते.

या साऱ्याचा डोलारा ओजिब्वेंच्या कारागिरीवर उभा होता. होड्या बर्च झाडाच्या सालीच्या. स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवलेल्या आणि डिंकाने सांधे बुजवलेल्या. रानटी तांदूळ, मॅपलची साखर व मासे हे खाद्यही तेच पुरवीत.

हा प्रदेश अमेरिकेच्या हद्दीत गेल्याने करांची धास्ती वाढली आणि १८०३ च्या सुमारास कंपनीने आपले ठाणे उत्तरेला, आजच्या थंडर बे येथे हलवले. पुढे १८४२ च्या वेब्स्टर-ॲशबर्टन करारान्वये ही वाट दोन्ही देशांच्या नागरिकांना खुली राहिली.

मासेमारी : अमेरिकन फर कंपनीचे मासेमारीचे ठाणे येथे १८३० च्या दशकात होते.

राखीव क्षेत्र : १८५४ च्या ला पॉइंट करारान्वये स्थापन. सोडून दिलेल्या प्रदेशातील शिकार व मासेमारीचे हक्क ओजिब्वेंनी राखून ठेवले.

स्मारक : जमातीने जमीन दिल्यामुळे १९५८ मध्ये राष्ट्रीय स्मारकास मंजुरी मिळाली. जुन्या ठाण्यातील ग्रेट हॉल ही इमारत पुन्हा उभारली होती; ती १९६९ मध्ये वीज पडून जळाली, सध्याची त्यानंतरची. १९९९ पासून जमात व राष्ट्रीय उद्यान सेवा स्मारकाची व्यवस्था मिळून पाहतात. नॉर्थ वेस्ट कंपनीचे ठाणे काही दशकांतच उठले. ओजिब्वेंची वस्ती आजही तेथेच आहे. उन्हाळ्यात येथून आयल रॉयल राष्ट्रीय उद्यानाकडे बोटी सुटतात.