सोलापूरमधील घरगुती शुश्रूषेचा इतिहास : दुष्काळ संहितेपासून परिचारक भत्त्यापर्यंत

प्रस्तावना :

सोलापूर शहराचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने कापड गिरण्या, 1930 चा मार्शल लॉ आणि कामगार चळवळ या अंगांनी लिहिला गेला आहे. या इतिहासात कामगार भेटतो तो गिरणीच्या दारात, संपात किंवा मोर्चात. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई, दृष्टी गेलेला वडील किंवा जन्मतः अपंग मूल यांना कोण सांभाळत होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वृद्धास उठवून बसविणे, न्हाऊ घालणे, घास भरविणे, कूस बदलून देणे, रात्री हाकेला ओ देणे ही कामे वैद्यकीय उपचारात मोडत नाहीत. त्यांची नोंद हजेरीपटावर होत नाही व पगारपत्रकातही होत नाही. मात्र राज्यसंस्थेने अशा व्यक्तींसाठी वेळोवेळी नियम व कायदे केले. त्यांतून शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे :

1. वृद्ध व अपंगांच्या घरगुती शुश्रूषेची दखल शासकीय नियमांनी कशी घेतली, हे पाहणे.
2. सोलापूरच्या गिरणी व विडी उद्योगांचा या शुश्रूषेशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
3. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे कायद्यातील स्थान तपासणे.

दुष्काळ संहिता व घरची शुश्रूषा :

1876-78 च्या दुष्काळाची मोठी झळ सोलापूर जिल्ह्यास बसली. या आपत्तीनंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने 1880 साली अहवाल दिला व त्याआधारे 1883 साली दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. संहितेचे मूलतत्त्व कठोर होते. ज्याच्या अंगी बळ आहे त्याने खडी फोडावी, माती वाहावी आणि मगच मजुरी घ्यावी. मात्र अंध, पंगू, वेडसर व वयोमानाने दुर्बल झालेल्या व्यक्तींना गावातच विनामोबदला मदत देण्याची तरतूद होती. या यादीत आणखी एक वर्ग होता. घरातील आजारी माणसाजवळ किंवा तान्ह्या मुलाजवळ ज्यांचे थांबणे अपरिहार्य आहे, अशा व्यक्तींनाही ही मदत मिळू शकत असे.

या तरतुदीमागे भूतदयेपेक्षा प्रशासकीय हिशेब अधिक होता. शुश्रूषा करणारा माणूस कामावर गेला तर घरातील परावलंबी माणूस दगावेल आणि मृत्यूंचा आकडा वाढेल, हे अधिकाऱ्यांना ठाऊक होते. तथापि हेतू कोणताही असो, जो सांभाळतो त्याची कमाई बुडते, ही गोष्ट या नियमाने मान्य केली होती.

गिरणी आणि तिच्याबाहेरचे घर :

त्याच दुष्काळाच्या काळात, 1877 साली, सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. ती पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. दुष्काळाने उखडलेली शेतमजूर व विणकर कुटुंबे शहरात आली. गावातील भावकीचा आधार मागे राहिला आणि भोंग्यावर चालणारे जीवन सुरू झाले. गिरणीच्या पाळीत सवड काढून घरी येणे शक्य नव्हते. त्यामुळे कमावणारा आणि सांभाळणारा यांची विभागणी ठळक झाली.

कामगार कायद्यांनी या विभागणीची एकच बाजू पाहिली. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने अपघातात कामगाराच्या कमावण्याच्या शक्तीत झालेली घट मोजली. जायबंदी झालेल्या त्या कामगाराला पुढे आयुष्यभर कोण उठवून बसविणार, हे मोजण्याचे माप त्या कायद्यात नव्हते. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने ‘कुटुंब’ या संज्ञेत अवलंबून असलेल्या आईवडिलांना स्थान दिले. हे पाऊल महत्त्वाचे असले तरी लाभ मुख्यतः उपचारांपुरता होता. 1949 साली जुनी गिरणी बंद पडली आणि केंद्र सरकारने 1950 साली ती आपल्या नियंत्रणाखाली घेतली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व भागधारकांच्या मूलभूत हक्कांची विस्तृत चर्चा झाली. घरातल्या परावलंबी माणसांचा प्रश्न मात्र कोणत्याच दाव्याचा विषय झाला नाही.

विडी : एकाच खोलीतील दोन कामे :

सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे. येथील असंख्य स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या आहेत. कारखान्यातून पाने व तंबाखू आणायची, घरी पाने भिजवून कापायची, विड्या वळून दोरा बांधायचा आणि तयार माल परत नेऊन द्यायचा, अशी ही पद्धत आहे. मजुरीचे माप हजार विड्यांचे असते.

या पद्धतीमुळे मालकाचा जागेचा व देखरेखीचा खर्च वाचला, हे अनेकदा सांगितले गेले आहे. तिची दुसरी बाजू अशी की घरात वृद्ध किंवा अपंग माणूस असलेल्या स्त्रीला बाहेरचे काम घेणे अवघड होते, आणि विडीचे काम त्या माणसाच्या उशाशी बसून करता येत होते. परंतु मजुरी नगावर असल्यामुळे शुश्रूषेत गेलेला प्रत्येक तास हजारातून वजा होत असे. म्हणजेच शुश्रूषेचा खर्च अखेरीस तीच स्त्री आपल्या मजुरीतून भरत होती.

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीस कामगार मानले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला आणि 1985 साली घरखेप कामगारांना भविष्य निर्वाह निधीचा लाभ लागू असल्याचे मान्य केले. 2006 साली कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने 10,000 विडी कामगारांची वसाहत उभी राहिली. घर हे कामाचे ठिकाण असते, हे तत्त्व अशा रीतीने प्रस्थापित झाले. पण त्याच खोलीत, त्याच हातांनी होणाऱ्या दोन कामांपैकी एकच काम ‘श्रम’ ठरले.

अनुदान, निर्वाह आणि श्रावणबाळ :

मातापित्यांच्या सेवेसाठी प्रत्यक्ष विठ्ठलास विटेवर उभे करणाऱ्या पुंडलिकाची कथा पंढरपूरची, म्हणजे याच जिल्ह्यातील आहे. सेवेचा हा आदर्श मराठी मनात खोल रुजलेला आहे. महाराष्ट्र शासनाने 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. पुढे वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेस श्रावणबाळाचे नाव दिले. आंधळ्या आईवडिलांची कावड खांद्यावर वाहणारा तो मुलगा. योजनेला नाव मिळाले कावड वाहणाऱ्याचे, पण रक्कम ठरली ती कावडीत बसलेल्यांसाठी. वाहणाऱ्याचा विचार नावापुरताच राहिला. 2023 साली या योजनांचे मासिक अर्थसाहाय्य 1,500 रुपये झाले. एका परावलंबी माणसासाठी दिवसभराची बाई ठेवण्यास ही रक्कम पुरेशी नाही, हे उघड आहे.

2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने मुलगा, मुलगी व नातवंडांवर जबाबदारी टाकली आणि निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये ठेवली. प्रत्यक्षात बहुतेक घरांत सेवा करते ती सून. मूळ कायद्याच्या व्याख्येत तिचा उल्लेख नाही. 2019 साली संसदेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात तिचे नाव आले, तेही दायित्व असलेली व्यक्ती म्हणून. त्याच वर्षी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या वेळ-वापर पाहणीत, घरातील व्यक्तींची विनावेतन देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 134 मिनिटे, तर पुरुष 76 मिनिटे देतात, असे आढळले.

गिरण्या बंद पडल्यानंतर तरुण पिढी पुणे-मुंबईकडे वळली आणि मध्यमवर्गीय घरांत बारा तासांच्या पाळीने येणारी ‘मावशी’ किंवा ‘आया’ दिसू लागली. ती दुसऱ्याच्या आईची सेवा करते तेव्हा तिच्या स्वतःच्या घरातील म्हातारीजवळ कोण असते, या प्रश्नाने हा इतिहास पुन्हा आरंभबिंदूशी येतो.

निष्कर्ष :

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम 24 मध्ये, अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी परिचारक भत्त्याचा उल्लेख आला. शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत योजना आखाव्यात, अशी त्याची रचना आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेद्वारे शुश्रूषा करणाऱ्यास मासिक साहाय्य देण्याचा मार्ग दाखविला. ब्रिटनमध्ये 1976 पासून असा भत्ता होता, पण विवाहित स्त्रियांना तो 1986 पर्यंत नाकारण्यात आला. त्यांनी घरी असणे गृहीतच धरले होते. हे गृहीतक सोलापूरलाही अपरिचित नाही.

1883 च्या संहितेने दुष्काळापुरते का होईना, सांभाळणाऱ्याचे नाव मदतीच्या यादीत घातले होते. स्वतंत्र भारताच्या कायद्यांनी वृद्ध व दिव्यांगांचे हक्क कितीतरी विस्तारले, ही निःसंशय मोठी प्रगती आहे. परंतु सांभाळणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही. विडी कामगार स्त्रीच्या घराला कामाचे ठिकाण म्हणून मान्यता मिळविण्यासाठी सोलापूरने दीर्घ लढा दिला. त्याच घरातील दुसऱ्या कामाची मोजदाद करण्यासाठी लागणारा अनुभव या शहराच्या इतिहासात आहे.