सरकी, दूध आणि वऱ्हाडचे वासरू

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास सांगताना आपण बहुधा रुईच्या मागे जातो. अमेरिकेतील यादवी युद्ध, मँचेस्टरच्या गिरण्या, खामगावचा बाजार, आगगाडी. मित्रहो, या धाग्यात रुई बाजूला ठेवून तिच्या पोटातल्या बीचा, म्हणजे सरकीचा, माग काढू. हा माग थेट गोठ्यात, आईला पिणाऱ्या वासरापर्यंत जातो.

प्रदेश यवतमाळचा. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आले. १८६४ मध्ये अमरावतीपासून आग्नेयेकडचा भाग वेगळा काढण्यात आला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

प्रथम वजनाचा हिशेब. वेचलेल्या कापसात रुई ढोबळमानाने एक तृतीयांश असते. उरलेले दोन तृतीयांश वजन सरकीचे. यंत्रे येण्यापूर्वी ही सरकी घरोघरी, दोन रुळांच्या हातचरकीतून कापूस ओढून काढली जाई. रुई बाजारात जाई, सरकी घरी राही. पेरणीपुरती वेगळी ठेवून बाकीची भिजवून दुभत्या गाईम्हशींपुढे ठेवायची. तेल आणि प्रथिने दोन्ही भरपूर असलेले हे खाद्य शेतकऱ्याला विकत घ्यावे लागत नसे.

मग वासराला काय मिळे? उत्तरासाठी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. प्रौढ जनावरात कोटीपोट इतके मोठे असते की पोटाचा सुमारे ८० टक्के भाग तेच व्यापते. त्यातील सूक्ष्मजीव कडबा, कुटार आंबवून त्याचे पोषण करतात. नवजात वासरात नेमके उलट. त्याचे कोटीपोट लहान आणि निष्क्रिय असते, चौथा कप्पा सर्वांत मोठा. वासरू सडाला तोंड लावते तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी असलेली एक खाच मिटून नळीसारखी होते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरते. तिथे ते विरजल्यासारखे घट्ट होऊन सावकाश पचते. म्हणजे पहिले काही आठवडे वासरू रवंथ करणारे जनावर नसतेच.

ते तसे कशाने होते? कॉर्नेल विद्यापीठातील वॉर्नर, फ्लॅट आणि लूस्ली यांनी १९५६ मध्ये यावर महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. केवळ दुधावर वाढवलेल्या वासराचे कोटीपोट मागासलेले राहते. दाणा आणि चारा पोटात गेल्यावर तो आंबून जी आम्ले निर्माण होतात, त्यांच्यामुळे कोटीपोटाच्या आतील अंकुर वाढतात. दूध चालू असतानाच थोडा पूरक आहार का हवा, याचे हे कारण.

परंतु सरकी हा पूरक आहार वासराला थेट चालत नाही. तिच्यात गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. पोलिश रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्स्की यांनी १८९९ मध्ये त्याला हे नाव दिले. सरकीतील विष तेच, हे विदर्स आणि कॅरूथ यांनी १९१५ मध्ये अमेरिकेत दाखवले. मोठ्या गाईच्या कोटीपोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते. ज्याचे कोटीपोट अजून जागे झालेले नाही, त्या वासराला मात्र ते मारू शकते. सरकीचा लाभ वासराला मिळायचा तो आईच्या दुधातून. गाय ही जणू त्या विषाची चाळणी होती. माझ्या मते वऱ्हाडच्या गोठ्याचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे.

आणि वासरू म्हणजे केवळ वासरू नव्हे. वऱ्हाडात गाय पाळायची ती मुख्यतः बैलांसाठी. काळ्या जड जमिनीत वखर आणि डवरा ओढायला जोडी लागते. उमरडा बैल वऱ्हाडात आणि गवळाऊ वर्धेच्या बाजूला नावाजलेले. आजचा गोऱ्हा चार वर्षांनी कापसाच्या शेतात उतरणार. गाईचे दूध घरासाठी काढायचे तेव्हाही वासरू लावल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. म्हणून थोडे त्याला, थोडे चरवीत, अशी वाटणी रोजच चाले. आईचे खाणे घटले की ही वाटणी बिघडायची आणि तोटा मुक्या पक्षाच्या वाट्याला जायचा.

खाणे घटले कसे, ते आता पाहू. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन युद्धाने वऱ्हाडी कापसाला भाव आला. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला. मागोमाग वाफेच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टऱ्या आल्या, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे, म्हणजे आपली ‘शकुंतला’. आता शेतकरी सरकीसह कापूस विकू लागला. रुई आणि सरकी वेगळी होण्याची जागा घराच्या ओसरीवरून फॅक्टरीच्या आवारात गेली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या बदलाची नोंद वेग आणि उत्पादन या शब्दांत होते. दोन तृतीयांश वजनाची मालकी बदलली, हे सहसा कोणी लिहीत नाही.

ती सरकी गेली कुठे? काही देशातील तेलघाण्यांत, काही मुंबई बंदरातून इंग्लंडला. १९०० नंतरच्या दशकात ही निर्यात वेगाने वाढली. हल हे तिथले तेलबिया गाळण्याचे मोठे केंद्र. तेल काढल्यावर उरणारी ढेप इंग्रज शेतकरी आपल्या गुरांना घालत. तिथल्या पशुआहाराच्या पुस्तकांत लहान वासरांना सरकीची ढेप देऊ नये असा इशाराही असे.

याच काळात चराऊ जमीनही आटली. लागवड वाढली, जंगले राखीव झाली, चराईवर शुल्क बसले. ज्वारीच्या जागी कापूस आला की कडबाही कमी होतो, हे वेगळे सांगायला नको. त्यात १८९९-१९०० चा दुष्काळ आला. वऱ्हाडात माणसांबरोबर गुरेही मोठ्या संख्येने मेली. दुष्काळात गाय आधी आटते, वासरू नंतर मरते. बैल मात्र शेतकरी शेवटपर्यंत जगवू पाहतो. यात क्रौर्य नाही, हिशेब आहे. पण हा हिशेब पुढच्या बैलांचाच बळी घेतो.

लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात या फेऱ्यावर बोट ठेवले. गुरे निकृष्ट होतात म्हणून शेतकरी अधिक गुरे ठेवतो, आणि अधिक गुरांमुळे प्रत्येकाचा चारा आणखी कमी होतो. सरकी-ढेप मिळाली तर ती म्हशीला आणि कामाच्या बैलाला. गाईने रानात मिळेल ते खावे, हेही आयोगाच्या नजरेतून सुटले नाही. गोऱ्ह्याची आई रांगेत शेवटी उभी होती. आयोगाचा भर मात्र संख्या कमी करण्यावर आणि जात सुधारण्यावर राहिला. सरकी गावात परत कशी आणावी, हा प्रश्न मध्यवर्ती झाला नाही.

स्वातंत्र्यानंतरही तो झाला नाही. १९७२ पासून राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. खरेदीदार बदलला, पण कापूस सरकीसहच विकला जात राहिला. ज्याने सरकी पिकवली तोच ढेपेचे पोते बाजारभावाने घेऊ लागला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात अनुदानावर दुभत्या गाई होत्या. संकरित गाय दूध अधिक देते, पण खातेही अधिक. चारा आणि ढेपेचा खर्च न झेपल्याने अनेकांनी त्या विकल्या.

दरम्यान १९९० नंतर जिल्ह्याच्या बऱ्याच शेतांत सोयाबीन आले. उष्णतेची प्रक्रिया केलेली त्याची पेंड वासराच्या पूरक आहारात प्रथिनांचा उत्तम स्रोत मानली जाते. गॉसिपॉलचा धोका तिच्यात नाही. पण सोयाबीनही गावातून दाण्यांच्याच रूपात बाहेर पडते, आणि देशातील पेंडीचा मोठा हिस्सा गेली अनेक वर्षे जहाजाने परदेशी जात आला आहे.